चटई क्षेत्रातील दांपत्य

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एक विशिष्ट जोडी रिक्षातून उतरताना आढळते. तिला सोयीसाठी 'घरशोधे दांपत्य' असे म्हणता येईल. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार तिसऱ्यांदा संपत आला की हे दांपत्य घराबाहेर पडते. पतीच्या बॅगेत माहितीपत्रकांनी फुगलेले प्लास्टिकचे फोल्डर असते, पत्नीच्या पर्समध्ये शिवणाच्या डब्यातली टेप असते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर, पोहे खायचे पण पसंती कळवायची नाही असे ठरवून आलेल्या वरपक्षाचा भाव असतो.

या दांपत्याचे मूळ शास्त्र क्षेत्रफळाचे होय. पूर्वी 'सुपर बिल्टअप' नावाचे जे माप सांगितले जाई, त्यात जिना, लिफ्ट आणि तळमजल्यावरची लॉबी यांचाही वाटा मिसळलेला असल्यामुळे कागदावरचे घर प्रत्यक्षातल्या घरापेक्षा बरेच ऐसपैस निघत असे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणि त्यानुसार २०१७ मध्ये स्थापन झालेल्या महारेरा या प्राधिकरणाने चटई क्षेत्र, म्हणजेच 'कार्पेट एरिया', हे माप प्रमाण मानले. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून आत उरते ते चटई क्षेत्र. मात्र खोल्यांमधल्या भिंतींची जाडी त्यात धरली जाते, त्यामुळे ज्या जागेत कालनिर्णयाच्या खिळ्याखेरीज काहीच मावत नाही तिलाही पूर्ण दर पडतो. (इंग्रजीतल्या गालिच्याची मराठीत चटई करणाऱ्या अज्ञात भाषांतरकाराने स्वतः कधीतरी घर घेतले असावे.)

पती या शास्त्राचा पंडित असतो. कोणाच्याही घरी हळदीकुंकवाला पत्नीला सोडायला गेला तरी दारातून आत नजर टाकून 'चारशे दहा कार्पेट' असे तो पुटपुटतो. पत्नीचे मापनशास्त्र वस्तुनिष्ठ असते, ते या अर्थाने की ते वस्तूंवरच चालते : लोखंडी कपाट, सासूबाईंची शिवणयंत्राची पेटी, आणि गणपतीत येणारी अकरा माणसे. 'सॅम्पल फ्लॅट', म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी सजवलेली नमुन्याची सदनिका, पाहताना पती खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर खूश होतो, तर पत्नी पलंगाला टेप लावून तो साडेपाच फुटीच असल्याचे आणि कपडे वाळत घालायला दोरी बांधायची सोय कुठेच नसल्याचे निदर्शनास आणते. स्टेशन दहा मिनिटांवर असल्याचे विक्रेता सांगतो. ती दहा मिनिटे कोणत्या वाहनाची आणि दिवसाच्या कोणत्या प्रहराची, हा प्रश्न दोघेही परतीच्या रिक्षात, गर्दीत अडकल्यावर, एकमेकांना विचारतात.

कर्जाच्या टप्प्यावर विद्वत्तेची दिशा बदलते. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो आणि पहिल्या हप्त्यातले सुमारे ३५,४०० रुपये व्याजातच जातात, हे पती एक्सेलच्या तक्त्यात अभिमानाने दाखवतो. उरलेल्या आठ हजारांत चारशे दहा चौरस फुटांपैकी पाऊण फूटही सुटत नाही, म्हणजे महिनाभर एका पायावर उभे राहावे लागेल, असा निष्कर्ष पत्नी तक्ता न पाहता काढते. याच सुमारास पतीला स्त्री-पुरुष समानतेचा साक्षात्कार होतो. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात, म्हणजे दस्तावर सरकारला भरावयाच्या करात, १ टक्क्याची सवलत मिळते आणि ६० लाखांच्या घरावर ती ६० हजारांची होते, हे कळल्यावर तो पत्नीच्या एकटीच्या नावाचा आग्रह धरतो. बँक मात्र त्यालाही सहकर्जदार करून घेते. 'इंडेक्स टू', म्हणजे नोंदणीचा जो उतारा पुढे लॅमिनेट करून बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवला जातो, त्यावर मालकीण एक असते आणि हप्ते भरणारे दोघे.

सामान हलवण्याच्या दिवशी माळा रिकामा होतो आणि संसाराचा खरा आकार तेव्हाच कळतो. वॉरंटीसाठी जपलेला, वॉरंटी संपून नऊ वर्षे झालेला मिक्सरचा रिकामा खोका, रुखवतातले थर्माकोलचे मंदिर, कुणाचे ते न आठवणारे दोन पितळी हंडे : यांतले काहीही टाकू नये यावर मात्र दोघांचे एकमत असते. नव्या घरात दूध उतू घालण्याचा विधी होतो, ओटा पुसण्यावरून पहिले भांडण होते, आणि पती पिशवीतून जुन्या भाड्याच्या घराची पाटी तिच्या चार स्क्रूंसकट काढतो. पाटीवर त्याचे एकट्याचे नाव असते. मालकीण ती हातात घेते, पदराने पुसते आणि दाराच्या कोणत्या बाजूला चांगली दिसेल ते टेपने मोजू लागते.