कंसातली पदवी

लग्नपत्रिकेत नावापुढे कंस करून पदवी छापायची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. चि. अमुक (बी.ई.), चि. सौ. कां. तमुक (एम.कॉम.). पत्रिका हातात पडली की जाणती मंडळी मुहूर्त आणि कार्यालय नंतर बघतात, आधी कंस बघतात. नवऱ्या मुलाच्या नावापुढे कंसच नसेल, तर कुणीतरी घाईघाईने सांगतं, "मुलाचा स्वतःचा बिझनेस आहे हो." ऐकणारा "असं, असं" म्हणतो आणि त्याला जे समजायचं ते समजतो.

या कंसाला एके काळी फार भाव होता. 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते चौघे होते. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आज एखाद्या साध्या सोसायटीच्या एका जिन्यावर त्याहून जास्त पदवीधर राहतात आणि त्यातला निदान एक एमपीएससीच्या निकालाची वाट बघत असतो.

भाव उतरला की मालच वाईट, असं ठरवायला आपण मोकळे. "आता सगळं मोबाइलवर मिळतं, कॉलेजात जाऊन करायचंय काय?" असं विचारणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. 2020च्या शैक्षणिक धोरणाने तर मधल्या मधे उतरायचीही सोय केली आहे: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. पूर्वी एफवायला कॉलेज सोडणारा नुसती बोलणी खायचा. आता तो प्रमाणपत्र दाखवून खाईल.

पण तालुक्याच्या कॉलेजात सकाळी एसटीतून उतरणाऱ्या मुली बघितल्या की काकांचा मुद्दा लंगडा पडतो. वर्गात मागणीचा नियम शिकवताना सर मागच्या वर्षीच्याच नोट्स वाचत असतील, हे मान्य. मुलीही तो गाइडातूनच पाठ करणार, हेही मान्य. तरीही उत्पन्नाचा दाखला मिळवायला तहसीलला खेटे घालून, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म स्वतः भरून, खिडकीतल्या क्लार्कला "सर, शेवटची तारीख परवा आहे" असं तोंडावर सांगणारी मुलगी तिथेच तयार होते. दुसऱ्या आळीतली, दुसऱ्या जातीतली मैत्रीण तिला एनएसएसच्या शिबिरातच भेटते.

घरातून रोज बाहेर पडायला कॉलेजइतकं सोवळं कारण दुसरं नाही. "कॉलेजला चालले" म्हटलं की घर गप्प बसतं. "मोबाइलवर शिकतेय" म्हटलं, की "शिकता शिकता तेवढे कपडे वाळत घाल" असं उत्तर येतं. शिवाय स्थळ सांगून आलं, तर "परीक्षा होऊ द्या" ही ढाल आहेच. कितीही भारी अॅप असलं तरी ही ढाल त्यात मिळत नाही.

कॉलेजात नुसतं जायला मिळणंच मोठं असतं, हे मर्म कर्मवीर भाऊराव पाटलांना नेमकं कळलं होतं. त्यांच्याकडे स्वतःची पदवी नव्हती. तरी 1947 साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि घरून पैसे येणार नाहीत अशा मुलांना 'कमवा आणि शिका' म्हणत आत घेतलं. काबाडकष्ट करत ती मुलं शिकली, तीही ज्यांच्या घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं अशी. पुढे पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. दिली. विद्यापीठालाही उशिरा का होईना, शहाणपण सुचतं.

नोकरीची हमी कॉलेज देत नाही, यापुढे तर मुळीच देणार नाही. ते तीन वर्षं देतं. या वर्षांत माणूस कुणाचा मुलगा किंवा कुणाची होणारी सून नसतो, नुसता विद्यार्थी असतो. ही सवलत ज्यांना घरबसल्या मिळते, त्यांनी खुशाल कॉलेज सोडावं. बाकीच्यांच्या आईबापांना एवढीच विनंती: बारावीचा निकाल लागला की "बी.ए. करून काय मिळणार?" असं विचारत बसू नका. फी भरा, एसटीचा पास काढून द्या आणि तीन वर्षं कृपा करून स्थळं आणू नका.