शुभेच्छुक कुठे गेले?

आमच्या भागातल्या कार्यसम्राटांचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो आणि साहेबांच्या फोटोखाली चाळीसेक शुभेच्छुक ओळीने हसतात. पैसे कुणाचे, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण निदान नावं तरी असतात. साहेबांचं विकिपीडियावर पान झालं, तेव्हा मात्र एकही शुभेच्छुक पुढे आला नाही. ‘झुंजार नेतृत्व’ आहे, ‘विकासाचा ध्यास’ आहे, आठवीतल्या वक्तृत्व स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीसही आहे. जन्मवेळ तर मिनिटासकट दिली आहे. संदर्भ बहुधा मातोश्रींचा. लिहिणाऱ्या सदस्याने त्याआधी वा त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही पानाला हात लावलेला नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

साहेबांनी वाईट वाटून घेऊ नये. ही परंपरा थेट गाभाऱ्यातून आली आहे. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःच्याच पानावर हात फिरवला आणि लॅरी सँगर यांना सहसंस्थापक म्हणणारा मजकूर काढला. बोभाटा झाल्यावर, करायला नको होतं, असं म्हणाले.

पुढे हौसेचा धंदा झाला. ‘ऑरेंजमूडी’ प्रकरणात २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती बंद केली. ज्यांचे लेख नाकारले गेलेत अशांना ही मंडळी गाठायची, आपण मुरलेले संपादक आहोत असं भासवून पैसे घेऊन पान उभं करून द्यायची आणि नंतर ते कुणी पुसू नये म्हणून पुन्हा पैसे मागायची. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात. फक्त तो घ्यायला माणूस समोर येतो.

बरं, नियम तरी फार कडक आहे का? विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची २०१४ पासून अट आहे : पैसे घेऊन लिहीत असाल तर कुणाकडून आणि कुणासाठी, ते जाहीर करा. स्वतःबद्दल किंवा मेव्हण्याच्या कारखान्याबद्दल काही सांगायचं असेल तर लेखात थेट हात घालू नका. चर्चा पानावर नातं सांगा, संदर्भ द्या, दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. उपास नाही, तापास नाही. तरी इथे एक नाव लिहिताना मंडळींना कापरं भरतं, कारण नातं कळलं की ‘झुंजार’लाही लोक संदर्भ मागतात.

उघडपणे येणाऱ्यालाही रांग चुकत नाही, हे खरं. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी ‘द ह्यूमन स्टेन’ कुणावरून सुचली याबद्दल पानावर चूक असल्याचं कळवलं. उत्तर मिळालं : लेखक म्हणून तुमचा शब्द मोठाच, पण दुसरा संदर्भ हवा. ज्याने कादंबरी लिहिली त्याला! रॉथ यांनी २०१२ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये भलंमोठं खुलं पत्र लिहिलं आणि मग त्या पत्राचाच संदर्भ लेखात आला. हसू येतं खरं. पण रॉथना अडवणारा नियम आमच्या साहेबांनाही अडवू शकतो, म्हणून मी नियमाच्या बाजूने.

तेव्हा वाचकहो, कुणा थोराचं पान उघडलंत तर आधी ‘इतिहास पहा’वर जा. कोणी, कधी, काय घातलं आणि काय पुसलं, सगळं तिथे ओळीने असतं. शंका आली तर चर्चा पानावर लिहा. त्याला कुणाची शिफारस लागत नाही.