ग्रीन ड्रॅगनचा ठसका

कुठल्याही सहलीत माझं काम ठरलेलं असतं: पिशव्या धरणं. नवरा म्हणून, जावई म्हणून आणि एकंदरीत दुसरं काही जमत नाही म्हणून मी महाबळेश्वरपासून मदुराईपर्यंत पिशव्या धरल्या आहेत. त्यामुळे न्यू जर्सीच्या साडूंनी "शुक्रवारी आमिश लोकांच्या बाजाराला जाऊ" असं जाहीर केलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "पिशव्या घरून न्यायच्या का?"

साडू ज्ञानी आहेत. मे महिन्यात तिकडे परागकण उडतात आणि त्यांचं नाक पार बंद होतं. तोंड चालू राहतं. पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी येईपर्यंत आम्हाला कळलं होतं, की १६९३ साली जेकब आमान नावाचा धर्मोपदेशक स्वित्झर्लंड-अल्सास भागातल्या आपल्या मंडळींशी शिस्तीवरून भांडला आणि वेगळा झाला. हे त्याच्या मागे गेलेले लोक. सासूबाईंनी त्यातलं 'भांडला आणि वेगळा झाला' तेवढं ऐकलं. "भाऊबंदकी कुठं चुकलीय," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

एफ्राटा गावाजवळचा 'ग्रीन ड्रॅगन' हा बाजार १९३२ पासून दर शुक्रवारी भरतो. आठवडी बाजार म्हटल्यावर सासूबाई खुलल्या. प्लॅस्टिकात गुंडाळलेली भाजी बघून त्यांना अमेरिकेचा उबग आला होता. इथे मातीसकट बीट होतं, वायवर्णा होता की काय असं वाटायला लावणारी, पण निराळीच निघालेली एक पालेभाजी होती, व्हिनेगर आणि बिटाच्या रसात मुरवून गुलाबी झालेली उकडलेली अंडी होती, आणि मोलॅसिस घालून केलेला शूफ्लाय पाय होता. त्याची चव थेट काकवीत बुडवलेल्या केकची. दाढी आहे पण मिशी नाही असे पुरुष, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. फोटोसाठी उभं राहणं त्यांच्या धर्मात बसत नाही, हे बहुतेक पर्यटकांना ठाऊक असतं. तरी एक गृहस्थ प्रेट्झेलला पीळ घालणाऱ्या पोरीच्या तोंडाशी मोबाईल नेऊन उभे होते. ती मान खाली घालून पीठ वळत राहिली. मला त्या माणसाच्या डोक्यात बिटाची जुडी घालावीशी वाटली, पण हातात पिशव्या होत्या.

एका गाळ्यावर पंखा लावून, तोंड पलीकडे फिरवून एक पोरगा पांढरं मूळ किसत होता. "मुळा!" सासूबाई आनंदाने म्हणाल्या. तो होता हॉर्सरॅडिश. मोहरीच्या कुळातला. अख्खं मूळ हुंगलं तर काही नाही. पण किसलं, की पेशी फुटतात आणि मोहरीला झणका देणारा जो पदार्थ, तोच मोकाट सुटतो. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसतो. हा हवेतून थेट नाकाडोळ्यांवर जातो. स्वस्त हॉटेलांत वासाबी म्हणून वाढतात तो बऱ्याचदा हाच, हिरवा रंग दिलेला. साडूंनी मोठी बरणी घेतली. झाकण जरा ढिलं होतं. ती अर्थातच माझ्या मांडीवरच्या पिशवीत आली.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या शेतांत शेणखत टाकलेलं. आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, घाईने सगळ्या काचा चढवल्या. एका वळणावर पुढे करड्या टपाची बग्गी आली, मागे केशरी त्रिकोण, घोडा आपल्या चालीने दुडकतोय. साडूंनी करकचून ब्रेक दाबला. पिशवी कलंडली.

आधी माझे डोळे गेले. मग हिचे. मग सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आक्का "गा... गा..." करत राहिल्या; त्यांना गाडी थांबवायला सांगायचं होतं. चढ आणि वळण, बग्गीला ओलांडता येईना. साडूंचं नाक बंद, डोळ्यांवर गॉगल, आणि मुखी डर्क विलेम्सची कथा. हा आमिशांच्या आधीच्या पंथातला हॉलंडचा माणूस. १५६९ साली तुरुंगातून निसटून बर्फावरून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढलं.

इथे साडूंनी आरशात पाहिलं. गाडीतली सगळी माणसं ढसाढसा रडत होती.

साडूंचा कंठ दाटून आला. इतक्या वर्षांत त्यांच्या व्याख्यानाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. "आणि त्यालाच," ते थरथरत म्हणाले, "पकडून जिवंत जाळलं हो!" ही हुंदका दिल्यासारखी खोकली. साडूंनी लगेच झुरिकच्या नदीत बुडवून मारलेल्या फेलिक्स मान्झला हात घातला.

अखेर बग्गी एका शेताच्या वाटेला वळून थांबली, आणि आक्कांनी साडूंचा दंड पिरगाळला. आम्ही दारं उघडून रस्त्यावर सांडलो. बग्गीतला म्हातारा उतरला, आमचे चेहरे त्याने पाहिले आणि गवताची हॅट काढून हातात धरली. कुणीतरी गेलंय, अशी त्याची समजूत झाली असावी.

सासूबाई डोळे पुसत सरळ घोड्याकडे गेल्या.

"रेसचं घोडं आहे हे. मघापासून चाल बघतेय."

"आई, शेतकऱ्याकडे कुठलं रेसचं?" साडू म्हणाले. मी म्हाताऱ्याला विचारलं. होय, शर्यतीतून निवृत्त झालेलाच. बग्गीला बहुतेक असेच घोडे घेतात, म्हणाला.

सासूबाईंच्या वडिलांचा टांगा होता, मिरज स्टेशनवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी कधी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. त्यांनी घोड्याच्या जुंपणीच्या पट्ट्याखाली बोटं घालून खांदा चाचपला, एका बाजूचा, मग दुसऱ्या.

"कुठं घट्टा नाही, जखम नाही," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला आहे, जावईबापू."

म्हाताऱ्याला कळलं नसणार, पण त्याने मान हलवली.

इकडे साडूंना आमच्या भावनांचं मूळ अजून उमगलं नव्हतं. पिशवी तपासायला त्यांनी गॉगल काढून आत डोकं घातलं. एकच आरोळी आली. मग लागोपाठ शिंका. ते बाहेर आले तेव्हा डोळे लालबुंद, मिशी ओली. त्यांनी नाकाने एक खोल श्वास घेतला, अडखळले, परत घेतला.

"अहो, वास येतोय मला!" ते हर्षाने ओरडले. "शेणाचा!"