धूळ कमी पडतेय

तुमच्या ओळखीत हा आहेच. नसेल तर तुमच्या भाच्याच्या हॉस्टेलवर आहे. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, दोन विषय राहिलेले, दाढी राखलेली, आणि चालता चालता मध्येच थांबून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीची चौकट करून तिच्यातून कचराकुंडीकडे एकटक बघणारा. आमच्या पुण्याच्या सोसायटीत त्याला सगळे ‘डायरेक्टर’ म्हणतात. वॉचमनसुद्धा. त्यात टिंगल आहे हे त्याला कळलेलं नाही, किंवा कळूनही चालतंय.

सध्या त्याचा सिनेमा चालू आहे. सिनेमा म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठीची दहा मिनिटांची फिल्म. विषय कबड्डी, प्रकार ‘स्पोर्ट्स ॲक्शन’. आणि चालू आहे म्हणजे ओपनिंग सीनचं प्लॅनिंग चालू आहे. गेल्या दिवाळीपासून. मी कधीकाळी दिवाळी अंकात कथा लिहायचो हा सुगावा त्याला कुठून लागला देव जाणे, पण तेव्हापासून मी त्या फिल्मचा संवादलेखक आहे. ओपनिंगमध्ये संवाद नाहीत. तरी रात्री साडेदहाला बेल वाजते.

“काका, इमॅजिन करा. काळा पडदा. नुसता श्वास. मग एक पाय. अनवाणी. मातीवर पडतो आणि धूळ उडते. दिसतेय धूळ?”

“दिसतेय रे बाबा.”

“नाही काका. कमी पडतेय.”

आणि तो निघून जातो. मला मात्र त्यानंतर तासभर झोप येत नाही.

स्टोरीबोर्ड त्यानं ड्रॉइंग शीटवर, टू-एच पेन्सिलीनं काढला आहे. चढाईपटूचा फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू, तिन्ही मापात. धूळ तेवढी ठिपक्याठिपक्यांनी दाखवली आहे. सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या आणि २४ च्या वेगानं दाखवायच्या, म्हणजे सगळं दहा पट सावकाश. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची. दहा पट केली की पाच मिनिटं. म्हणजे अर्धी फिल्म झाली. उरलेल्या पाच मिनिटांत काय, असं मी एकदा विचारलं. “ते एडिटवर बघू.”

कॉलेजच्या जिमखान्याचे सर जुने कबड्डीपटू. त्यांना त्यानं हौसेनं मोबाइलवर टेस्ट शॉट दाखवला. सरांनी चष्मा वर केला, संपूर्ण बघितला आणि म्हणाले, “ह्याचा दम कुठाय? तोंड बंद ठेवून चढाई करतोय. पहिल्याच पावलाला बाद. पंच झोपलाय का?” सर, स्लो मोशनमध्ये आवाज नसतो, वगैरे त्यानं समजावलं. सर म्हणाले, “मग बादसुद्धा स्लो मोशनमध्ये दे. पण दे.”

त्याच सरांकडे त्यानं मॅटवर थोडी माती पसरायची परवानगी मागितली. प्रो कबड्डी २०१४ ला आली, टीव्हीवर रंगीत मॅट दिसली आणि मग कॉलेजाकॉलेजांतून मॅटसाठी अर्ज सुरू झाले. सरांनी ही मॅट मिळवायला किती खेटे घातले ते त्या जिमखान्यात सगळ्यांना पाठ आहे. त्यावर माती! सर काय म्हणाले ते डायरेक्टरनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “काका, व्हिजन नाही.”

मग तो पेठेतल्या एका तालमीत गेला. हौदात तांबडीलाल माती बघून त्याचे डोळे भरून आले. पण आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं बरंच काही मुरवलेलं असतं. ती अंगाला लागते, उडत नाही. त्यानं चारदा पाय आपटून बघितला. वस्ताद म्हणाले, “उडायला लागली तर ती आखाड्याची नाही बाळा, रस्त्याची.”

रस्त्याची म्हणाल तर पुण्यात तोटा नाही. ज्या शहरात खिडकीच्या गजावर रोज बोटानं नाव लिहिता येतं, त्या शहरात एका पोराला पायाखाली उडवायला चिमूटभर धूळ मिळू नये, हे नगरनियोजन कौतुकास्पद आहे. धूळ सगळी रस्त्यावर, आणि मैदान मात्र ‘विकसित’: एका बाजूला पेव्हर ब्लॉक, दुसऱ्या बाजूला लॉन, आणि लॉनवर पाटी, आत जाऊ नये.

शेवटी त्यानं कुठंतरी वाचलं की सिनेमावाले धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. हे खरं आहे. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून त्यानं पाच किलो आणली. दुकानदारानं विचारलं, घरात लग्न आहे का? शूटिंग झालं. धूळ उडाली, पण पांढुरकी, आणि खेळाडू घामाघूम असल्यामुळे ती उडण्यापेक्षा बसली जास्त. खलनायक संघाचा कोपरारक्षक असा उजळला की त्याच्या आईनं उरलेली पिशवी मागून घेतली. खरी धूळ त्या दिवशी एकदाच उडाली, मैदानाबाहेर पार्किंगमध्ये, लग्नाच्या फोटोग्राफरकडून आणलेला ड्रोन उतरताना. ती टिपायला कॅमेरा नव्हता. कॅमेरा ड्रोनवरच होता.

सिनेमे तो फक्त पहिल्या दहा मिनिटांपुरते बघतो. ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये पोरं समुद्रकाठानं धावतात: “ओली वाळू, काका. चान्स घालवला.” ‘रेजिंग बुल’मध्ये डी नीरो रिंगमध्ये एकटाच नाचतो: “धुकं आहे. धूळ नाही.” ‘लगान’ मान्य आहे, “पण ते कच्छला गेले होते, त्यांना फुकट मिळाली.” आणि कुणी फारच खोडी काढली तर हुकमाचं पान: नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ नगरला शिकत असतानाच केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ह्यावर काय बोलणार? फक्त त्यांनी ती पूर्ण केली होती, एवढं मी मनात म्हणतो.

मध्यंतरी लेनी रीफेनश्टाल प्रकरण झालं. या बाईंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर ‘ऑलिम्पिया’ काढली तेव्हा खेळाडू खालून, आभाळासमोर दिसावेत म्हणून स्टेडियममध्ये खड्डे खणून कॅमेरे लावले होते. “आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं आपले देशी खेळ दाखवले होते, काका. कबड्डीला एक खड्डा मिळायला हवा होता!” हा अन्याय दूर करायला त्यानं कॉलेजच्या मैदानाच्या कडेला संध्याकाळी कमरेइतका खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन पोचतो तर एनएसएसच्या मुलांनी त्यात करंजाचं रोप लावून, पाणी घालून, फोटोही काढलेला. रोप जगलंय. ओपनिंग सीनमधून आजवर प्रत्यक्ष उभं राहिलेलं तेवढंच.

हे सगळं मी त्याच्या आईला रंगवून सांगत होतो. वहिनी हसल्या, आणि मग म्हणाल्या, शाळेत तो कबड्डीच्या संघात होता. मला हे नवीन होतं. आठवीपासून तीन वर्षं. बारा जणांचा संघ, सात मैदानात, पाच राखीव, आणि हा त्या पाचांतला शेवटचा. तीन वर्षांत एकदाही आत गेला नाही. बाद व्हायलासुद्धा आधी आत जावं लागतं. बाकी पोरं रुसून घरी यायची, हा मात्र प्रत्येक सामन्याला रेषेबाहेर मांडी घालून बसायचा आणि संध्याकाळी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन. न खेळता. त्या शाळेच्या मैदानावर आता स्कूलबस उभ्या राहतात.

रेषेबाहेर जमिनीवर बसलेल्या पोराला सामना कसा दिसत असेल, ते मी सांगत बसत नाही. त्यानं हे मला कधी सांगितलेलं नाही आणि मीही विचारणार नाही. विचारलं तर तो त्याचा फ्लॅशबॅक करेल. पण ‘ह्याला व्हिजन नाही’ असं आता मी म्हणत नाही. डोकं नाही, हे म्हणतो.

तर वाचकांना विनंती. पुण्याच्या आसपास, फार तर पाचगणीपर्यंत, कुणाच्या माहितीत १३ मीटर बाय १० मीटर मोकळी, कोरडी, तांबड्या मातीची जागा असेल, पेव्हर ब्लॉक न बसवलेली, तर कृपया कळवावं. एक रविवार सकाळ पुरे. पोरं स्वतःच्या खर्चानं येतील, डबे घेऊन येतील, आणि खड्डा खणलाच तर बुजवून जातील, ही हमी माझी. फक्त जूनच्या आत कळवा. एकदा पाऊस पडला आणि त्याला चिखलाची कल्पना सुचली, तर मला घर बदलावं लागेल.