दगडाची चव

सातारा-सांगलीच्या माणसाला दगडाचं कौतुक सांगू नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसले, तेव्हापासून काळा पाषाण आमच्या पाचवीला पुजलेला. गडाचा तट त्याचाच, घरातला पाटा-वरवंटाही त्याचाच. विहीर पाडायची म्हटली की पाण्याआधी सुरुंगाचा खर्च निघतो. तो पाषाण चाखायला मात्र कुणी गेलं नव्हतं. भातात खडा लागला तरी घरात दोन दिवस अबोला.

आता कळतं, की दगडाच्या चवीला गिऱ्हाईक आहे. चांगली पांढरी ड्राय वाइन, म्हणजे द्राक्षाची साखर यीस्टनं जवळजवळ सगळी खाऊन टाकलेली, ती ‘मिनरल’ असावी म्हणतात. आधी जिभेवर आंबट धार आणि मागून ओला दगड, खडू, गारगोटीची ठिणगी. फ्रान्समधल्या शाब्लीचं यात मोठं नाव.

आमच्या पट्ट्याचंही असं नाव व्हायला हरकत नव्हती. राज्यानं 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यातून नाशकात विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क आले. नाव विंचूरचं झालं. पलूसकरांनी बेदाण्याशी इमान राखलं. माणची हद्द ओलांडून माळशिरसात शिरलं, की अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे लागतात. तिथं इटलीचे सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन जोड्यांनी मिळून वाइन काढली. इकडं दोन सख्खे भाऊ एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, हे लक्षात घेता खरा चमत्कार बाटलीच्या बाहेरच आहे.

तासगावकडच्या माझ्या मेहुण्याला मी एकदा वाइनच्या द्राक्षाचा घड दाखवला. बारीक मणी, जाड साल, शिवाय आत बिया. अठरा मिलिमीटरचा मणी फुगवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

“दाजी, ही करवंदं कुठनं आणली?”

मग खिशातून गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवर रसाचा थेंब पिळला, झाकण दाबलं, एक डोळा मिटून नळी उन्हाकडं धरली. “तेवीस ब्रिक्स! गोडीला तोड न्हाई.” एवढी गोडी मुद्दाम घालवून दारू करतात, हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

संध्याकाळी पांढरी बाटली उघडली. मी पेला तिरका केला, गोल फिरवला, नाक खुपसलं आणि गंभीरपणे म्हणालो, “दगड लागतोय.” मेहुण्यानं पटकन स्वतःच्या पेल्यात बोट घालून तळ चाचपला.

गंमत म्हणजे भूशास्त्रज्ञ त्याच्याच बाजूचे आहेत. वेलीची मुळं पाण्यात विरघळलेलं पोटॅश, कॅल्शियम घेतात, खडक नव्हे. त्यातलं वाइनमध्ये उतरतं ते इतकं थोडं, की जिभेला पत्ता लागू नये. मुळात पाषाणाला चवच नसते. ओल्या दगडाचा वास येतो तो बहुतेक त्याच्यावर वाढलेल्या बारीक जिवांचा. वाइनमध्ये जे ‘मिनरल’ भासतं, त्यामागं आम्लता आणि काही गंधकयुक्त संयुगं असावीत, असा त्यांचा होरा.

हे सगळं मी मेहुण्याला समजावलं. त्यानं शांतपणे बाटलीची किंमत विचारली. मी सांगितली.

“म्हंजे बघा,” तो म्हणाला, “आमच्या बेदाण्यात एक खडा घावला तर सौद्यात व्यापारी किलोमागं दर पाडतो. हितं खडा न्हाईच, नुसता हाय म्हणून सांगायचा, तर दर चढतो. दाजी, आमचा माल वाईट न्हाई. आमाला सांगायला येत न्हाई.”