फोटो काढलात, आता खोली द्या

(चीनमधल्या शिजियाझुआंगच्या एका हॉटेलच्या रात्रपाळीच्या मॅनेजरसाहेबांना अनावृत पत्र)

माननीय मॅनेजरसाहेब,



तुमच्या हॉटेलची लॉबी मला फार आवडली. आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या हॉटेलचा तेवढाच भाग मला पाहायला मिळाला. फरशी अशी की तिच्यात झुंबर दिसावं. कोपऱ्यात गरम पाण्याचं यंत्र. आणि तो कमरेएवढा रोबोट! पाण्याच्या बाटल्या पोटात घेऊन स्वतः लिफ्ट बोलावणारा, खोलीपाशी पोचला की पाहुण्याला फोन करणारा. आम्ही सोफ्यावर बसलो होतो तेवढ्या वेळात तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्याच्याजवळ पासपोर्ट नसल्यामुळे त्याला कुठल्याच मजल्यावर अडचण आली नाही.

आमच्याजवळ पासपोर्ट होते, तिथेच घोटाळा झाला. तुमच्या काउंटरवरचं यंत्र चिनी ओळखपत्र ठेवलं की क्षणात माणूस ओळखतं. आमचं ओळखपत्र पडलं वहीच्या आकाराचं. तुमच्या सहकारी मुलीने तरीही ते एकदा यंत्रावर ठेवून पाहिलं, मग उलटं ठेवून पाहिलं, आणि मग अशा करुण नजरेने तुमच्याकडे पाहिलं की मलाच वाटलं, तिला एक ग्लास पाणी द्यावं.

आता त्या पासपोर्टातल्या व्हिसाबद्दल थोडं. तो मिळवताना तुमच्या सरकारने दिवसवार कार्यक्रम मागितला आणि कोणत्या रात्री कोणत्या हॉटेलात उतरणार त्याची आरक्षणं जोडायला लावली. त्या कागदांत तुमच्या हॉटेलचं नाव होतं, पत्त्यासकट. ते पाहून व्हिसा मिळाला. म्हणजे चीनने आम्हाला ‘या’ म्हटलं ते तुमच्या भरवशावर, आणि तुम्ही ‘जा’ म्हटलं ते चीनच्या नावावर. तुमच्या रेल्वेला आमचा पासपोर्ट चालला. तिने त्याच्यावर तिकीट दिलं आणि बीजिंगहून जेमतेम सव्वा तासात आणून सोडलं. ताशी तीनशे किलोमीटरने आलेली माणसं तुमच्या काउंटरवर थांबली ती थांबलीच.

आरक्षणाच्या ॲपबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजी बाजूला ‘खोली निश्चित’ आणि पैसे जमा. चिनी बाजूला, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ‘फक्त चीनच्या मुख्य भूमीचं ओळखपत्र असलेले पाहुणे’. ज्याने वाचायला हवं त्याला वाचता येणार नाही अशाच लिपीत सूचना लिहायची, ही कला आमच्याकडच्या विमा कंपन्यांनाही अजून साधलेली नाही.

मला जे लागलं ते वेगळंच आहे.

आम्ही तुमच्या शहरात का आलो, हे तुम्ही फोनवरच्या अनुवादकातून विचारलंत. माझे वडील सोलापूरचे. शल्यविशारद म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस त्यांच्याच गावचे, आणि त्यांची समाधी तुमच्या शहरातल्या शहीद स्मशानभूमीत. आयुष्यात एकदा तिथे फूल वाहायचं, एवढीच बाबांची इच्छा. अनुवादकाने हे तुम्हाला ऐकवलं आणि तुम्ही ताडकन उभे राहिलात. “के दिहुआ!” कोटणीसांचं चिनी नाव. बाबांचा हात दोन्ही हातांत धरलात. शाळेत असताना तुम्हाला समाधीवर नेलं होतं, हे सांगितलंत. आतल्या खोलीतून आणखी दोघांना बोलावलंत. बाबांना मधे उभं करून फोटो काढलेत, एक तुमच्या मोबाइलवर, एक माझ्या. बाबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता किल्ली.

फोटो झाल्यावर तुम्ही मोबाइल पुन्हा तोंडाशी नेलात आणि सांगितलंत की परदेशी पाहुण्यांसाठी तीन चौक सोडून एक पंचतारांकित हॉटेल आहे, फारच छान आहे.

मॅनेजरसाहेब, तुम्ही तिरसट असतात तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तिरसट माणसाला शिवी घालून झोपता येतं. ज्या देशातून कोटणीस आले त्या देशाच्या म्हाताऱ्या डॉक्टरचा हात धरून तुम्ही गहिवरलात, आणि गहिवर ओसरायच्या आत त्याला रस्ता दाखवलात. याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवते आहे.

मी मनाशी एक दृश्य रचून पाहिलं. सप्टेंबर १९३८. जपानशी युद्ध पेटलंय, आणि भारतातून काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टर चीनमध्ये उतरलेत: अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि सत्ताविशीतले कोटणीस. ते तुमच्या काउंटरशी येतात. नाव? कोटणीस द्वारकानाथ शांताराम. दोन-तीन अक्षरी नावांची सवय असलेला तुमचा संगणक ‘शांताराम’पर्यंत पोचायच्या आधीच मान टाकतो. पासपोर्ट यंत्रावर ठेवला जातो, उलटा ठेवला जातो. आणि मग तुम्ही हसतमुखाने सांगता, डॉक्टरसाहेब, तुमच्या कार्याबद्दल नितांत आदर आहे, तीन चौक सोडून एक हॉटेल आहे.

त्यांचं नशीब की त्यांना हॉटेल लागलं नाही. ते तुमच्याच हबेई प्रांताच्या डोंगराळ मुलखात खेडुतांच्या घरांतून राहिले, तिथेच जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये बेथ्यून या डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. त्या शेतकऱ्यांच्या घरांत कार्ड वाचणारं यंत्र नव्हतं. आजचा कायदा तेव्हा असता तर त्या शेतकऱ्याला किंवा कोटणीसांना चोवीस तासांच्या आत पोलीस चौकी गाठून नोंद करावी लागली असती, नाहीतर दोन हजार युआनपर्यंत दंड. बाकी कोटणीसांचा मान तुमच्या देशाने राखला, ते नाकारत नाही. तुमचे नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटायचे. १९८२ मध्ये तुम्ही त्यांची टपाल तिकिटं काढलीत. तिकिटावर जागा मिळते म्हणायची. तिकीट यंत्रावर ठेवावं लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो मी आता तुमच्याइतकाच जाणते. कदाचित थोडा जास्तच, कारण त्या रात्री मला दुसरं काम नव्हतं. देशात ये-जा करण्याबाबतचा तुमचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्याचं ३९ वं कलम सांगतं की परदेशी माणूस हॉटेलात उतरला तर हॉटेलने त्याची नोंद करून माहिती पोलिसांना कळवावी. कळवावी! हाकलावं असं त्या कलमात कुठेही नाही. पूर्वी परदेशी माणसासाठी नेमून दिलेली हॉटेलं असत, १९८० पासून पुढे बरीच वर्षं तर त्याच्या नोटाही वेगळ्या छापल्या जात. ते दिवस गेले. २०२४ मध्ये तुमच्या वाणिज्य मंत्रालयाने पोलीस खात्यासकट इतर खात्यांना बरोबर घेऊन स्पष्ट लिहून दिलं की परदेशी पाहुणे ठेवण्याची पात्रता नाही, असं कारण सांगून कोणत्याही हॉटेलने खोली नाकारू नये. तुमच्या इमिग्रेशन खात्याचा १२३६७ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. मी तो तुमच्यासमोर लावला. पलीकडच्या बाईंनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, कोणत्याही हॉटेलात राहू शकता. मी फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही ऐकलंत, आभार मानलेत, फोन परत दिलात आणि म्हणालात की त्या बाई इथे नाहीत, इथे आमची चौकी आहे.

मग तुम्ही चौकीला फोन लावलात.

माझे वडील शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि ते तुमच्या सोफ्यावर पासपोर्ट छातीशी धरून बसले होते, जणू त्यांच्याच हातून काही गुन्हा घडलाय. खोल्या रिकाम्या होत्या. पैसे भरलेले होते. कायदा आमच्या बाजूने होता, सरकारचा आदेश आमच्या बाजूने होता. अडलं कशावर? नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, व्हिसाची मुदत, कोणत्या विमानतळावरून देशात आलात, कधी आलात, कधी जाणार. हे एवढं हाताने टाइप करायचं होतं. दहा मिनिटांचं काम. ते कुणालाच करायचं नव्हतं, एवढंच. आणि त्या दहा मिनिटांच्या आळसाला तुम्ही सगळ्यांनी ‘नियम’ असं नाव दिलंय, ज्याच्यापुढे बोलायला जागाच उरत नाही! लाज वाटायला हवी. तुम्हाला की चौकीला, ते तुमचं तुम्ही वाटून घ्या.

पण चौकीशी बोलताना तुम्ही खुर्चीवरून उठलात, हेही मी पाहिलं. फोनवर बोलणाऱ्याला तुम्ही दिसत नव्हतात, तरी उभे राहिलात, मान किंचित झुकवून. आमच्याकडे साहेबाचा फोन आला की कारकून असाच उभा राहतो. तेव्हा मला तुमचा हिशेब कळला. परदेशी पाहुण्याची माहिती कळवण्यात चूक झाली तर हॉटेलला ताकीद, प्रकरण गंभीर ठरलं तर हजार ते पाच हजार युआन दंड. तो दंड मालक स्वतःच्या खिशातून भरेल असं तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. उलट, पाहुण्याला दारातून परत पाठवलं तर? काही नाही. एक नाराज बाई, एक म्हातारा. मंत्रालयाचा कागद वरून येतो, चौकीचा फोन बाजूच्या गल्लीतून येतो, आणि उद्या रात्रीही पाळी तुमचीच असते. तुमच्या जागी मी असते तर कदाचित मीही ते पंचतारांकित हॉटेल फारच छान आहे असं सांगितलं असतं.

शिवाय आमच्याकडचं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या हॉटेलवाल्यांनाही परदेशी पाहुण्याचा फॉर्म चोवीस तासांत भरावा लागतो, आणि तो भरायचा कंटाळा म्हणून गोऱ्या माणसाला दारातूनच ‘फुल्ल आहे’ सांगणाऱ्या लॉजा कमी नाहीत. आमच्या काही लॉजा तर गावातल्याच पत्त्याचं आधार कार्ड बघूनही खोली नाकारतात. परदेशी माणूस नको, गावातलाही नको. तुम्ही निदान तुमच्या माणसाला तरी घेता.

तर मला सांगायचंय ते इतकंच. तुम्ही बाबांची बॅग उचलून टॅक्सीपर्यंत आणलीत, टॅक्सीवाल्याला पत्ता समजावून सांगितलात, त्याचे पैसेही आधीच देऊन टाकलेत आणि मला परत करू दिले नाहीत. त्या पैशांचे आभार. पंचतारांकित हॉटेल खरोखरच छान होतं, तिप्पट छान, बिलावरून तरी. तिथल्या काउंटरवरच्या मुलाने तीच माहिती हाताने टाइप केली. मी घड्याळ लावून बसले होते. सहा मिनिटं.

पंचतारांकित हॉटेल परवडणारा परदेशी माणूस नोंदवता येतो आणि दोनशे युआनच्या खोलीतला नोंदवता येत नाही, असं पोलिसांना वाटत असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं, म्हणजे आम्ही व्हिसाच्या अर्जासोबत बँकेचं पासबुकही जोडू. आता सोलापुरातून कुणी चीनला निघालं की मीच त्यांना सांगत असते: ॲपवर विसंबू नका, हॉटेलला आधी चिनीत संदेश पाठवा, परदेशी पासपोर्ट चालतो का ते स्पष्ट विचारा, आणि ‘हो’ आलं की त्याचा फोटो काढून ठेवा. फोटो तुमच्या हॉटेलात काढू देतात, हा अनुभव आहेच.

बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत. तुमच्यासोबतचा फोटो त्यांनी सोलापूरच्या सगळ्या डॉक्टरमित्रांना पाठवला. खाली लिहिलं, कोटणीसांच्या गावची माणसं. मित्रांनी विचारलं, हॉटेल चांगलं होतं का? बाबांनी लिहिलं, लॉबी उत्तम.

कळावे,
लोभ आहेच, खोली नव्हती.

ता. क. — ॲपने तुमच्या हॉटेलबद्दल अभिप्राय मागवला आहे. स्वच्छता, आवाज, गादी आणि झोप, प्रत्येकी पाचपैकी गुण द्यायचे आहेत. एकही रकाना रिकामा सोडता येत नाही. गादीला मी पाच दिलेत. तिच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही.