तंबोरा घरी करणाऱ्यांसाठी सूचना

श्रीपुरात बसून तंबोरा करायचं ठरलं असेल, तर पहिली अडचण सुटलेलीच आहे. मिरजेच्या कारागिरांना कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून न्यावा लागतो. आपल्याला तालुका ओलांडला की झालं. राहिली हत्यारं. तीही घरातच आहेत, सध्या फक्त दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत.

कोणी हसलं तर मिरजेचा दाखला द्यावा. एकोणिसाव्या शतकात तिथे हा धंदा उभा केला तो शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांना हात घातला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हा दाखला ओट्यापाशी देऊ नये. तिथे तो चालत नाही.

वाळलेला भोपळा भिजवून कापला, की आतला गर खरवडायचा. खवणी आत शिरत नाही, म्हणून लांब दांड्याची लोखंडी पळी घ्यावी. गर कडू जहर असतो; ती पळी पुन्हा आमटीत गेली की गुन्हा शाबीत.

सरस थेट आचेवर जळतो. पातेल्यात पाणी उकळून त्यात सरसाचा डबा ठेवावा. वासानंतर पातेलं आपल्याच मालकीचं होतं, मागावं लागत नाही.

सांध्यांना सायकलची जुनी ट्यूब. बोटभर पट्ट्या कापून, ताणून गुंडाळायच्या. शिकंजा गोलाईवरून घसरतो आणि एकाच जागी चावतो. ट्यूब चहूकडून सारखी आवळते. चालू सायकलची काढू नये, निदान शाळा सुरू असेपर्यंत.

दांडी साफ करायला फुटक्या काचेची ताजी कड. तिरकी धरून अंगाकडे ओढली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते आणि लाकूड चकाकतं. बरणी मुद्दाम फोडायची गरज नाही. घरात लहान मूल असेल तर थोडं थांबावं.

जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासणीला, मात्र घरातलं काहीच लागू पडत नाही. घोडीचा माथा इतक्या बेताने उतरता घासायचा असतो, की छेडलेली तार त्याला शिवत-सुटत राहावी. इथे अभिमान बाजूला ठेवून मिरजेची एसटी धरावी.

शेवटी जीवा: तार आणि घोडीमधला सुती दोरा, तंबोरा बोलू लागेपर्यंत मागेपुढे सरकवायचा. वाकळेचा दोरा उत्तम. पण उसवण्याआधी वाकळ कोणाची ते बघावं. आजीची असेल तर रीळ विकत आणावं, स्वस्त पडतं.